कोपऱ्यातले अंडे

माझी आजी खुडूक कोंबडीला बसवायची तेव्हा टोपलीच्या तळाशी आधी चुलीतली चाळलेली राख पसरायची, तिच्यावर भाताचा मऊ पेंढा गोलाकार दाबायची आणि मधला भाग मुठीने थोडा खोल करायची. अंडी नेहमी अकरा किंवा तेरा असत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बसवणी असली तर गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून पेंढ्याखाली एक जुना लोखंडी खिळाही जाई. राख कोंबडीच्या अंगावरच्या उवांसाठी होती, खिळा ही आजीची श्रद्धा होती. पण मुठीने केलेला तो खोलगटपणा कशासाठी होता, हे कळायला माझ्या हातून १९ अंडी वाया जावी लागली.

खोलगट जागेत अंडी आपोआप मध्याकडे घरंगळतात. कोंबडी अंड्यांवर बसते असे आपण म्हणतो तेव्हा ती तिथे निश्चल बसून असते असे वाटते, पण प्रत्यक्षात ती दिवसभर काम करत असते. पोटाखालची पिसे ती स्वतःच उपटून काढते, म्हणजे तिची उघडी, गरम कातडी थेट कवचाला टेकते. तिच्या अंगाची उष्णता ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पोटाखालचे अंडे साधारण साडेसदतीस-अडतीस अंशांवर राहते. मग ती चोचीने कडेचे अंडे पोटाखाली ओढते, मधले बाहेर सरकवते, उलटेपालटे करते आणि पुन्हा अंग पसरून बसते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्यासाठी उठते, तेवढाच काय तो खंड. एकवीस दिवसांत त्या टोपलीत कायमची कडेला राहणारी अशी एकही जागा नसते.

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. घरची दहा-बारा गावरान कोंबडी आहेत, आणि अंडी उबवण्याचे यंत्र घरी करावे असे वाटण्यामागे हौसेपेक्षा गरज अधिक होती. परसातली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, आणि एकदा ती खुडूक झाली की २१ दिवस बसण्यात आणि पुढचे दीड-दोन महिने पिल्ले फिरवण्यात जातात. त्या काळात ती अंडी देत नाही. एवढे करून वाढवलेल्या दहा पिल्लांतली चार मुंगूस नेतो, दोन घार उचलते. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जाती पाळल्या तर त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे त्यांची पिल्ले दर वेळी बाहेरून विकत आणावी लागतात. मला आमचीच कोंबडी हवी होती, आमच्याच अंड्यांची, आणि थोडी जास्त संख्येने.

पहिली पेटी मी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याची केली. हर्णै बंदरावर अशी खोकी हवी तेवढी मिळतात, ऊब चांगली धरून ठेवतात आणि कापायला सोपी असतात. खोके साबणाच्या पाण्याने धुऊन चार दिवस उन्हात वाळवले, एका टोकाला ६० वॅटचा तारेचा बल्ब बसवला, दोनशे-अडीचशे रुपयांना मिळणारा लहान डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून बल्ब आपोआप बंद-चालू करणारी पट्टी, लावला, त्याचा सेन्सर खोक्याच्या मधोमध लोंबता सोडला आणि खाली पाण्याची वाटी ठेवली. साध्या पिवळ्या बल्बसाठी तीन दुकाने हिंडावी लागली, कारण आता सगळीकडे एलईडीच मिळतात आणि त्यांची उष्णता या कामाला अगदीच अपुरी पडते. खोक्यात चार-चारच्या सहा ओळींत २४ अंडी मावली. अठरा घरची होती. सहा अंडी शेजारच्या काकूंनी पदराखालून आणून दिली होती. त्यांच्या ठिपकेदार कोंबडीची ती शेवटची अंडी होती, कारण कोंबडी आदल्याच आठवड्यात मेली होती. जागा उरली होती तिथे, म्हणजे बल्बपासून सर्वांत लांबच्या टोकाला, मी ती ठेवली. सुदैवाने प्रत्येक अंड्यावर मी शिसपेन्सिलीने १ ते २४ असा क्रमांक घातला होता. ते केवळ फिरवताना चूक होऊ नये म्हणून होते, पण पुढे तेच सर्वांत उपयोगी पडले.

अंडी ठेवल्याच्या सहाव्या रात्री दोनच्या सुमारास एका घाणेरड्या, घशाला चरचरणाऱ्या वासाने मला जाग आली. पेटी माजघरात होती आणि तिच्यापासून पाच हातांवर माझा मुलगा झोपला होता. झाकण उघडले तर बल्बच्या मागची थर्माकोलची भिंत वितळून तिला वाटीएवढा खड्डा पडला होता आणि होल्डर एका बाजूला कलून बल्बची काच त्या खड्ड्याच्या कडेला जवळजवळ टेकली होती. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो, आणि पेटत्या तारेच्या बल्बची काच त्याहून कितीतरी तापते. मी बटण बंद केले आणि मुलाच्या उशाशी बसून राहिले. अंड्यांना साडेसदतीस अंशांची माफक ऊब द्यायची म्हणून मी घरात जी वस्तू आणून ठेवली होती, तिच्या आत एक जागा अशी होती जी आगीच्या उंबरठ्यावर होती, आणि बाहेरच्या आकड्यावर मात्र ३७.५ असेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी बल्ब पत्र्याच्या डब्यात घालून भिंतीपासून लांब टांगला आणि पंधरवडा कसाबसा पार पाडला. रात्री मी तिथेच झोपत होते. एकविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी मिळून पाच पिल्ले बाहेर आली. चोविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली, आणि मग उरलेली १९ अंडी परसातल्या फणसाखाली नेऊन एक-एक करून फोडली.

ते काम कुणालाच आवडण्यासारखे नाही, पण ज्याला यंत्र सुधारायचे आहे त्याने ते करायलाच हवे असे मला ठामपणे वाटते. बल्बला लागून असलेल्या पहिल्या ओळीतल्या चारही अंड्यांत बलकाभोवती रक्ताचे लाल कडे होते. जीव धरला होता आणि पहिल्या आठवड्यातच तो भाजून गेला होता. दुसऱ्या ओळीत मोठी, पण वेडीवाकडी वाढलेली पिल्ले होती. बाहेर आलेली पाचही पिल्ले ९ ते १६ या क्रमांकांतली, म्हणजे मधल्या दोन ओळींतली होती. आणि शेवटच्या टोकाला, काकूंच्या अंड्यांत, पूर्ण पिल्ले होती. चोविसाव्या अंड्याचे कवच मी नखाने सोलले, तेव्हा आत पिसे ओली, पाय दुमडलेले, चोचीच्या टोकावर कवच फोडण्यासाठी असलेला पांढरा दाणासुद्धा तयार, आणि पोटाबाहेर बलकाची पिशवी अजून तशीच लोंबत राहिलेली, असे एक ठिपकेदार पिल्लू होते. त्याला ऊब मिळाली होती, पण ती रोज थोडी कमी मिळाली होती. एकवीस दिवसांचा रस्ता ते सावकाश चालत होते आणि वेळ संपेपर्यंत पोचले नाही. अंड्यांचे क्रमांक कागदावर मांडले तेव्हा माझ्यासमोर त्या खोक्यातल्या उष्णतेचा नकाशाच उभा राहिला.

काकूंना मी जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "असू दे गो बाय, कोंबडीखाली तरी सगळी कुठं येतात." पण कोंबडीखाली कोपरा नसतो, हे तोवर मला कळून चुकले होते.

दुसरी पेटी करण्याआधी मी पहिल्याच खोक्यात, अंड्यांविना, आठवडाभर मोजमाप केले. औषधाच्या बारा लहान बाटल्या पाण्याने भरून अंड्यांच्या जागी ठेवल्या, कारण हवेचे तापमान झाकण उघडताच बदलते, पण पाणी अंड्याप्रमाणेच सावकाश तापते आणि सावकाश निवते. मोजायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर वापरला. माणसाच्या तापासाठी केलेले हे उपकरण ३५ ते ४२ अंशांच्या पट्ट्यातच सर्वांत चोख असते, आणि अंड्यांचा सारा खेळ त्याच पट्ट्यात आहे. त्यामुळे यापेक्षा स्वस्त आणि विश्वासू साधन मला सापडले नाही. बल्बजवळची बाटली ४०.८ अंशांवर होती, मधली ३७.६ आणि टोकाची ३५.१. एकाच खोक्यात, एकाच वेळी, पावणेसहा अंशांचा फरक होता. थर्मोस्टॅट खोटे बोलत नव्हता. तो फक्त स्वतःच्या जागेपुरते खरे सांगत होता.

अंडे गारव्याला बरेच सोसते. काही तास तापमान उतरले तर वाढ मंदावते, पिल्लू उशिरा येते, पण बहुधा येते. उष्णतेच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. ४० अंशांच्या वर काही तास गेले तरी नुकसान भरून येत नाही. म्हणून पेटीची सरासरी ३७.५ आहे या समाधानाला काहीही अर्थ नसतो. सरासरी अंड्याला लागत नाही, त्याच्या जागेवरची ऊब लागते.

गावातले निवृत्त वायरमन आप्पा यांच्याकडे मी कागद घेऊन गेले. त्यांनी नकाशा पाहिला, वितळलेल्या खड्ड्याची हकीकत ऐकली आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की एक मोठा बल्ब लावून तो सारखा बंद-चालू करण्यापेक्षा चार लहान ऊबदार जागा कराव्यात, चार कोपऱ्यांत. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. "बल्ब चाळीसचे घ्या वहिनी, पण दोन-दोन सिरीजमध्ये जोडा. अर्धाच दाब मिळेल. नारिंगी पेटतील, तापतील कमी, आणि वर्षानुवर्षं जाणार नाहीत." अशा जोडणीत ४० वॅटचा बल्ब जेमतेम १३ वॅट घेतो. दोन जोड्यांचे मिळून ५० वॅटच्या आसपास होतात, आणि एका जोडीतला बल्ब गेला तर ती जोडी विझते, पण दुसरी चालू राहते.

पेटी आमच्या वाडीतल्या सुताराने १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची केली, दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, दुहेरी भिंतींची. दोन भिंतींच्या मधल्या दोन इंचांत मी भाताचे तूस ठासून भरले. तूस ऊब उत्तम धरते, गिरणीवर फुकट मिळते, आणि त्यात सिलिका भरपूर असल्याने ते भसकन पेट घेत नाही. उंचीच्या वरच्या पाच इंचांवर पत्र्याची एक आडवी पडदी घातली आणि पेटीला जणू पोटमाळा केला. चारही बल्ब, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, या पोटमाळ्याच्या चार कोपऱ्यांत, लाकडाला टेकणार नाहीत असे बसवले आणि जवळच्या लाकडावरही पत्रा ठोकला. पडदीच्या मधोमध एक गोल भोक आहे आणि त्यावर जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा आहे. पंखा खालची हवा वर ओढतो, ती चारी बाजूंना पसरून बल्बांवरून जाते आणि पडदीच्या कडांना ठेवलेल्या बोटभर फटींतून भिंतींलगत खाली उतरते. म्हणजे गरम हवा सर्वांत आधी कोपऱ्यांना मिळते, मध्याला शेवटी. अंडी खाली जाळीच्या तबकात असतात. बल्बचा उजेड आणि त्याची थेट धग त्यांना दिसतही नाही. आमच्या पेटीतली ही गोष्ट मला सर्वांत आवडते. पंखा वेगवान नको, अंड्यांवर थेट वारा नको. हवा नुसती हलती राहिली की पुरे.

मग आप्पांनी मला विचारले की पंखा बंद पडला तर काय होईल. मी म्हटले, अंडी गार पडतील. त्यांनी मान हलवली आणि पुढचे समजावून सांगितले. पंखा थांबला की ऊब पोटमाळ्यातच कोंडणार. सेन्सर खाली अंड्यांपाशी, त्याला गारवाच जाणवणार. म्हणून थर्मोस्टॅट बल्ब चालूच ठेवणार, आणि वरचा माळा तापत जाणार. एका साध्या पंख्याचे बेअरिंग अडकले तर सगळी व्यवस्था उलट्या दिशेने काम करू लागते. त्यामुळे पोटमाळ्यातच, थर्मोस्टॅटशी काहीही संबंध नसलेला, ६० अंशांना आपोआप उघडून वीज तोडणारा बायमेटलचा एक लहान स्विच लावला, आणि त्याच्याही पुढे ७७ अंशांना कायमचा वितळून जाणारा थर्मल फ्यूज. पहिला स्विच नंतर पुन्हा जुळतो, फ्यूज जुळत नाही, आणि तो जुळू नये हेच बरोबर आहे. खालच्या दालनात ३८.५ अंशांना वाजणारी घंटी मुलाने बसवली.

हे सारे करण्याआधी आम्ही थर्मोस्टॅट मुद्दाम अडकल्यासारखा करून, म्हणजे त्याला वगळून, पेटी अंड्यांविना सहा तास सलग चालवून पाहिली. आतली हवा पन्नाशीपर्यंत गेली, पण लाकूड हाताला कोमट लागण्यापलीकडे तापले नाही. याचे कारण बल्बच मुळात गरजेपुरते आहेत. लवकर तापावे म्हणून लोक दोनशे-दोनशे वॅट लावतात, आणि मग थर्मोस्टॅटमधल्या रिलेच्या, म्हणजे बल्ब बंद-चालू करणाऱ्या एका लहान स्विचच्या भरवशावर घरात झोपतात. मला हे कळकळीने सांगायचे आहे, की उष्णता देणारी वस्तू एवढी लहान असावी की सगळे नियंत्रण हुकले तरी अंडी जातील, घर जाणार नाही. बाकीच्या गोष्टीही आप्पांनी करून घेतल्या: रिलेने न्यूट्रल नाही तर फेज तुटला पाहिजे, पत्र्याच्या पडदीला अर्थिंग पाहिजे, थर्मोस्टॅटची उघडी पट्टी डबीत बंद पाहिजे, आणि पाणी व वीज एकाच पेटीत असल्याने मागे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, पाहिजे. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोल घेऊन वर येते, म्हणजे ओल वायरवरून ओघळली तरी झोलातूनच गळून पडते, आत जात नाही.

रिकाम्या पेटीत पुन्हा बारा बाटल्या ठेवल्या. थर्मोस्टॅटचा आकडा तापाच्या थर्मामीटरपेक्षा ०.८ अंशांनी कमी दाखवत होता, तो दुरुस्त केला. बंद-चालू होण्यातले अंतर दोन अंशांवर होते, ते कमी केले. तीन दिवसांच्या नोंदींत सर्वांत गरम आणि सर्वांत गार बाटलीतला फरक ०.४ अंशांवर आला.

ओलाव्याची गोष्ट आमच्या हवेत वेगळी आहे. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, असे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. परंतु पाण्याचे भांडे ठेवा, एवढ्या एका सूचनेने कोकणात घात होतो. आषाढात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के ओलावा असतो. तीच हवा पेटीत साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नाशीवर येते. म्हणजे पावसाळ्यात आमच्या पेटीला पहिले अठरा दिवस पाणी लागतच नाही. मार्गशीर्षात मात्र तेच गणित तिसाच्या घरात जाते आणि पसरट ताटलीभर पाणी ठेवावे लागते. आर्द्रतेच्या मापकाची परीक्षा घरीच होते: झाकणभर मिठात थोडे पाणी घालून चिखल करावा आणि मापकासह डब्यात बंद करावा, काही तासांनी आकडा ७५ यायला हवा. पण माझा खरा विश्वास वजनकाट्यावर आहे. अंड्यातले पाणी कवचातून थोडे थोडे उडून गेले पाहिजे, तेवढीच आतली हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरावे. आमची बारा गावरान अंडी पहिल्या दिवशी ४८० ग्रॅम भरली होती. ती ४२२-४२४ वर आली की मी निश्चिंत होते.

दुसऱ्या खेपेची अंडी जुलैत ठेवली. सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, माठाशेजारच्या गार कोनाड्यात रुंद टोक वर करून ठेवलेली २४ अंडी. या वेळी सगळी अंडी घरचीच होती आणि त्यांतली सर्वांत चांगली, एकसारख्या आकाराची चार अंडी मी मुद्दाम कोपऱ्यांत ठेवली, १, ४, २१ आणि २४ या जागांवर. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि दिवसातून पाच वेळा फिरवली, कारण न फिरवलेल्या अंड्यातला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडीप्रमाणे जागाबदल मात्र मी केला नाही. पेटीने कोपऱ्याला न्याय दिला की नाही हे मला पाहायचे होते.

सातव्या दिवशी अंडी उजेडाला धरली. आजी यासाठी दुपारची वेळ निवडायची, कौलाच्या फटीतून माजघरात उतरणाऱ्या कवडशात अंडे धरायची आणि वरून हाताचा आडोसा करायची. मी विजेरी वापरते, पण दिसते ते तेच: एक काळा ठिपका, त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेषा, आणि नीट पाहिले तर ठिपक्याची किंचित उसळी. तीन अंडी कोरी निघाली, एकात रक्ताचे कडे होते. कोऱ्यांपैकी एक २१ क्रमांकाचे होते. वीस उरली.

पाहून झाल्यावर आजी प्रत्येक अंडे गालाला लावायची. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची परंपरा फार जुनी आहे, ॲरिस्टॉटलनेही तिथल्या कृत्रिम उबवणीचा उल्लेख केला आहे. तिथले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब जोखत असत. हे वाचले तेव्हा मला आजीचा गाल आठवला आणि फार बरे वाटले. मीही लावून पाहते. थर्मामीटर हाताशी असला तरी लावून पाहते.

अकराव्या दिवशी वादळी पावसात लाईन तुटली आणि पाच तास वीज नव्हती. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी येऊन गेल्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हापासून ढग भरून आले की माझे लक्ष तारांकडे जाते. झाकण न उघडता खालच्या लहान दारातून कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आत सरकवल्या, वायुवीजनाची भोके मोकळी ठेवून पेटीवर गोधडी घातली आणि तुसाच्या भिंतींवर भरवसा ठेवला. वीज आली तेव्हा आतला आकडा ३४ होता. दोन दिवसांनी तपासले तर वीसही जिवंत होती.

शेवटच्या आठवड्यात बल्ब फार थोडा वेळ लागू लागले. पहिल्यांदा मला वाटले की काही बिघडले, पण तसे नव्हते. वाढलेले पिल्लू स्वतःच ऊब निर्माण करते, एकेक अंडे वॅटच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त, आणि वीस अंड्यांची ती बेरीज दोन-अडीच वॅट भरते. पंख्याचे काम आता ऊब पोचवण्याइतकेच ती वाहून नेण्याचे झाले होते. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवले, पाण्याची ताटली ठेवली, वरची दोन भोके आणखी उघडली.

विसाव्या रात्री बंद कवचातून चिवचिव ऐकू आली. या वेळी सगळ्यांत अवघड काम म्हणजे पेटी न उघडणे. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते अठरा तास, कधी अधिकही लागतात. त्या वेळात ते पोटाबाहेरचा बलक आत ओढून घेत असते, कवचाच्या पापुद्र्यातले रक्त मागे घेत असते, आणि बाहेरून आपल्याला वाटते की ते अडकले आहे. झाकण उघडले की ओलावा निसटतो आणि पापुद्रा सुकून खरोखरच त्याला आवळतो. बलक पोटात असल्यामुळे पिल्लाला पुढचे दोन दिवस दाणापाण्याचीही घाई नसते. मी काचेच्या फटीतून पाहत राहिले. पहिले पिल्लू ११ क्रमांकातून आले. दुसरे, पहाटे, ४ क्रमांकातून. २४ क्रमांकाच्या अंड्याने सकाळी आठला रुंद टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पाडले आणि दुपारपर्यंत काही केले नाही. मग एकाएकी चोच गोल फिरू लागली, कवचावर सुईने टाके उसवावेत तशी फट पडत गेली, टोपी उचलली गेली आणि ओले पिल्लू मान टाकून जाळीवर पडले. त्याचे श्वास मला काचेतून मोजता येत होते.

वीसपैकी सतरा पिल्ले आली, त्यांत कोपऱ्यातली तीनही होती. त्याच आठवड्यात आमची एक कोंबडी खुडूक होऊन रिकाम्या खुराड्यात बसली होती. रात्री अंधारात नऊ पिल्ले तिच्या पंखाखाली सरकवली, ती घोगऱ्या आवाजात काहीसे बोलली आणि सकाळी त्यांना घेऊन अंगणात उतरली. उरलेली आठ बल्बच्या टोपलीत वाढली.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी काकू स्वतः आल्या, पदराखाली पाच अंडी घेऊन. ठिपकेदार कोंबडीची एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, त्यांच्याकडे उरली होती, ती आता अंडी देऊ लागली आहे. मी मधल्या ओळी त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले, तबकाच्या चारी बाजूंना हात फिरवला, थोडा वेळ तसाच कोपऱ्यावर ठेवला आणि पहिले अंडे माझ्या हातात देत म्हणाल्या, "ठेव गो, कुठंही ठेव."

मी पेन्सिल घेतली आणि त्यावर २४ लिहिले.